काळ्या बैलाचा खांदा

माणूस पडून पडून मरतो, असं सूर्यमाळच्या पाड्यावर कुणी सांगितलं असतं तर लोक हसले असते. तिथं मरणाची कारणं लहान पोरांनाही पाठ. फुरसं डसतं, ओढा ओढून नेतो, जीप उताराला उलटते, अडलेली बाई डोलीतच थंड होते. पडून राहणं हे मात्र तिथं सुख समजतात. ज्याला दिवसाढवळ्या पडून राहता येतं त्याच्या कणगीत भात आहे, एवढाच त्याचा अर्थ. नीता त्याच पाड्यावर जन्मली. पडून पडून मरणारा माणूस तिनं पाहिला तेव्हा ती अडतीस वर्षांची होती, तिला नर्स होऊन सोळा वर्षं झाली होती, आणि तो माणूस तिच्याच वॉर्डात, तिच्याच सहीखाली पडून होता.

तिचा बाप ढवळू. पाड्यावर बैलजोडी मोजक्या घरी, त्यात ढवळूची नावाजलेली. पावसात तो आपली नाचणी-वरी आटोपून दुसऱ्यांची खाचरं नांगरून द्यायचा. शिमगा सरला, डोंगरावरचं पाणी आटलं, की खालच्या विहिरीवरून बैलगाडीत पिंपं भरून वर आणायचा. बैल म्हातारे होत, मरत, नवे येत, पण जोडीचा रंग तो बदलत नसे. एक पांढरा, एक काळा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "पांढरा पाव्हण्यांना दाखवायला, काळा वढायला." सकाळी जू ठेवण्याआधी तो उलटा हात दोघांच्या मानेवर ठेवायचा. आधी पांढऱ्याच्या, मग काळ्याच्या. काळ्यावर हात जास्त वेळ राहायचा. लहानगी नीता गोठ्याच्या कुडाशी उभी राहून बघायची. तिला वाटे, बा बैलांचे लाड करतो, आणि काळ्याचे जास्त करतो. तिला काळ्याचा हेवा वाटे, कारण बाचा हात पोरांच्या पाठीवर असा कधी यायचा नाही.

मोखाड्याच्या आश्रमशाळेत ती बारावी झाली आणि नाशिकला नर्सिंगला गेली. पाड्यावरून एवढ्या लांब शिकायला गेलेली पहिली मुलगी. नाशिकच्या पोरी तिच्या बोलण्याला हसल्या, म्हणून तिनं वर्षभरात बोलणं घासूनपुसून काढलं. 'हां' सोडलं, 'होय' धरलं. 'ऊन पाणी' सोडलं, 'गरम पाणी' धरलं. सुट्टीत घरी आली की ढवळू म्हणायचा, "आली का आमची रेडिओ? लाव बातम्या." ती चिडायची. पण मनातून तिला ते आवडायचं, कारण पाड्यावर रेडिओला मान होता.

पुढं तिचं लग्न रोहिदास मास्तरांशी झालं, दोन मुली झाल्या, आणि जव्हारच्या अलीकडे, घाटाच्या वळणावर एका ट्रस्टचं तीस खाटांचं रुग्णालय आहे, तिथं ती वॉर्डाची मुख्य सिस्टर झाली. तिचा गणवेश कडक इस्त्रीचा, तिचे कागद मोत्यासारख्या अक्षरातले. चादरीला सुरकुती चालायची नाही. हाताखालच्या पोरी तिला घाबरून असत, आणि घाबरण्यासारखी ती होतीच.

माघ महिन्यात मुंबईहून चंदना मॅडम नावाच्या शिकवणाऱ्या बाई आल्या. विषय होता शय्याव्रण. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला, कुल्ल्याला, टाचेला होणारी जखम. वॉर्डात तिला सगळे बेडसोर म्हणत आणि ती झाली की पावडर टाकत. मॅडमनी भिंतीवर चादर लावली, खिडक्या बंद केल्या आणि चादरीवर चित्रं दाखवली. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपतं, रक्त पोचत नाही, मांस मरायला लागतं. दोन तास पुरतात. पहिल्या पायरीला कातडी फुटत नाही, फक्त लाल होते, आणि बोटानं दाबलं तरी ती लाली पांढरी पडत नाही. तिथंच ओळखलं तर माणूस वाचतो. दुसऱ्या पायरीला फोड, तिसरीला खड्डा, चौथीला हाड. चादरीवर एकामागून एक पाठी येत होत्या. गुलाबी, गोऱ्या, आणि त्यांच्यावर लाल चट्टे, कुंकवाचं बोट लागावं तसे स्पष्ट.

नीता दोन रंगांच्या पेनांनी सगळं उतरवून घेत होती. मागं दाराशी आया आणि वॉर्डबॉय बसले होते. त्यांतल्या गौराबाईनं हात वर केला. गौराबाई जामसरची, पन्नाशीची, बावीस वर्षं पेशंटना पुसून काढणारी.

"मॅडम, एक विचारू का? ही सगळी गोरी माणसं हायेत. आमच्या पेशंटाची पाठ म्हंजे तवा. तव्यावर लाल कसं दिसल?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं नीता हसली, आणि हसून झाल्यावर म्हणाली, "गौराबाई, तवा आधी नीट घास. मग दिसेल."

पुन्हा हशा झाला. गौराबाईही पदर तोंडाला लावून हसली, दुसरं काय करणार. चंदना मॅडम हसल्या नव्हत्या. "नाही, प्रश्न बरोबर आहे," असं म्हणून त्या उत्तर द्यायला वळल्या, आणि लाइट गेली. चादर पांढरी राहिली. खिडक्या उघडल्या, चहा आला, बिस्किटं आली. लाइट आली तोवर जेवणाची वेळ झाली होती, आणि मॅडमना चौथ्या पायरीनंतरचं मलमपट्टीचं सांगायचं राहिलं होतं. गौराबाईचा प्रश्न कपाबशांबरोबर उचलला गेला.

संध्याकाळी परीक्षा झाली. नीता पहिली आली. तिला प्रमाणपत्र मिळालं आणि काम मिळालं, की चैत्रात आसपासच्या उपकेंद्रांच्या नर्सा बोलावून हेच तिनं शिकवायचं. प्रमाणपत्र तिनं वॉर्डात टेबलामागं लावलं. त्याच्या शेजारी तक्ता लावला. पायरी एक, लाली. रोज सकाळी प्रत्येक खिळलेल्या पेशंटची पाठ बघायची आणि कागदावर लिहून सही करायची.

शिमग्याला आठ दिवस असताना जिवा आला.

दाभोशाजवळच्या पाड्यावरचा, बत्तीस वर्षांचा. राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडायला झाडावर चढला होता. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजायला फांद्या लागतात, आणि त्या तोडायला दर साल गावोगावची माणसं चढतात. कोयता खाली पडला, कोयत्यामागं जिवा पडला. पाठीचा कणा मोडला. नाशिकला ऑपरेशन झालं. बारा दिवसांनी तिथून गाडीत घालून इकडे पाठवला, सोबत कागद, की पूर्ण विश्रांती. कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं. चिमटा कळत नव्हता, ओलं कळत नव्हतं.

तोंड मात्र शाबूत होतं. पहिल्याच दिवशी नीता चादर सरकवायला गेली तर म्हणाला, "शिस्टर, हे दोन पाय कुणी तरी इसरून गेलंय इथं. बघ जरा कुणाचे हायेत. माझे नाय."

"तुझेच आहेत, जिवा."

"मंग माझं ऐकत का नाय? बायकोचे असतील. तीबी ऐकत नाय."

बायको सोनी खाटेच्या पायथ्याशी उकिडवी बसलेली असे. ती हसत नसे. ती पहारा द्यायची. त्यांच्या पाड्यावरच्या हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं तिला बजावून पाठवलं होतं, की हाड धरेस्तोवर माणूस तसूभर हलवायचा नाही. नाशिकच्या कागदावरची 'पूर्ण विश्रांती' कुणी वाचून दाखवली तेव्हा तिला वाटलं, मोठा डॉक्टरही तेच म्हणतो. नर्सा दर दोन तासांनी जिवाला कुशीवर करून, पाठीमागं उशी लावून जायच्या. त्या वळल्या की सोनी उशी काढायची आणि नवऱ्याला अलगद, अंडं ठेवावं तसा, पाठीवर ठेवायची.

तरुण नर्स रविना तिच्याशी दोनदा भांडली. तिसऱ्यांदा भांडण नीताकडे आलं.

"ताई, ती ऐकतच नाही. हात धरते माझा."

नीता आली. तिनं जिवाला कुशीवर केलं, दिवा लावला, कमरेखाली, माकडहाडाच्या वर, जिथं हाड कातडीला टेकतं तिथं वाकून बघितलं. पाठ काळी, तुकतुकीत, पावसानं धुतलेल्या कातळासारखी. बोटानं दाबलं. लाल काही नव्हतं. पांढरं काही झालं नाही, कारण व्हायला लाल काही नव्हतंच.

"पाठ स्वच्छ आहे," ती म्हणाली. "राहू दे थोडे दिवस पाठीवर. बाईशी रोज कोण भांडणार? आपण रोज बघतोय ना?"

आणि ती रोज बघत होती, हे खरं. कागदावर सहा दिवस एकाखाली एक ओळ आहे. 'लाली नाही. कातडी शाबूत.' खाली सही. अक्षर मोत्यासारखं.

सहाव्या दिवशी सकाळी गौराबाई जिवाला पुसून टेबलापाशी आली. ओला हात तिनं पदराला पुसला नव्हता.

"ताई, जिवाच्या बुडावर जरा हात ठेवून बघा. ऊन लागतंय."

"ताप आहे का त्याला?"

"ताप नाय. बाकी अंग गार हाय. तेवढीच जागा ऊन. आन् घट्ट लागते, कच्च्या फणसावानी."

नीता उठली, गेली, दिवा लावला, वाकली, दाबलं. "लाल आहे का?"

"लाल नाय."

"मग? तक्त्यावर काय लिहिलंय? लाल. फणस लिहिलंय का कुठं?" रविना फिसकन हसली. नीता म्हणाली, "मी शिकवलं ते विसरलीस, गौराबाई. जा, तीन नंबरची चादर बदल."

गौराबाई गेली. जाताना तिनं सोनीच्या खांद्याला हात लावून काहीतरी सांगितलं, पण सोनीनं मान हलवली. मोठी शिस्टर पाठ स्वच्छ म्हणाली होती. आयाचं कोण ऐकणार?

सातव्या दिवशी तिथं तळव्याएवढा डाग दिसला. लाल नव्हे. जांभळा, करवंदाचा रस वाळावा तसा. नीतानं तो पाहताक्षणी ओळखला, कारण हे चित्र तिनं चादरीवर पाहिलं होतं आणि त्यावर मॅडम काय म्हणाल्या तेही दुसऱ्या रंगात लिहिलं होतं, की वरून डाग दिसतो तेव्हा आतलं मांस आधीच मेलेलं असतं. त्या दिवसापासून जिवाला पाठीवर ठेवलं नाही. सोनीला नीतानं आणि रविनानं धरून बाजूला बसवलं, समजावलं, आणि तिनंही शेवटी हात सोडले. पण आंबा वरून पिवळाधमक असतो आणि कापला की कोयीपाशी काळा निघतो, तसं झालं. बाराव्या दिवशी कातडी आपसूक सुटली.

त्या दिवशी दुपारी नीता औषधं वाटत होती. जिवा कुशीवर होता, तोंड भिंतीकडे. म्हणाला, "शिस्टर, उंदीर मेलाय का कुठं? कवाचा वास येतो."

नीतानं त्याच्या गोळ्या मोजून वाटीत ठेवल्या.

"खाटंखाली बघ ना. सोने, बघ गं खाली."

सोनी वाकून खाटेखाली बघू लागली. तिनं कोपरे बघितले, पिशवी उचलून बघितली. नीता औषधांचा ट्रे हातात धरून उभी राहिली. सोळा वर्षांत तिला कधी हातातला ट्रे जड झाला नव्हता.

मोठ्या डॉक्टरांनी मेलेलं मांस कापून काढलं. खड्डा मुठीएवढा निघाला, तळाशी हाड. ताप चढू लागला. संध्याकाळी त्यांनी नीताला खोलीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. थकलेला होता.

"हे नाशिकहून येतानाच असणार," ते म्हणाले. "बारा दिवस तिकडे होता."

"आला तेव्हा काही नव्हतं, सर. माझी सही आहे."

"तेच म्हणतोय. पहिल्या दिवसाचा कागद नवा लिहा. 'येताना जखम होती, तिकडे नातेवाइकांनी काळजी घेतली नाही.' चैत्रात तुमचं ट्रेनिंग आहे, ट्रस्टचे लोक बसणार आहेत, चंदना मॅडम बसणार आहेत. तुमच्याच वॉर्डातली केस कुणी काढली तर तुमचंही जाईल, माझंही."

त्यांनी कोरा कागद पुढं केला. नीतानं तो घेतला, चार घड्या करून पर्समध्ये ठेवला.

त्याच आठवड्यात जिवाची आई पाड्यावरून आली. तिनं खड्डा पाहिला आणि सुनेच्या अंगावर गेली. "नाशकात तूच हुतीस ना त्याच्यापाशी? इथंबी तूच! हलवू नको सांगितलं तरी हलवू दिलास. मारलास माझा पोरगा." सोनी भिंतीला टेकून ऐकत होती. ती एक शब्दही उलट बोलली नाही, कारण तिलाही तेच वाटत होतं. नीता टेबलापाशी बसून हे ऐकत होती आणि पर्स तिच्या मांडीवर होती. त्या घडीच्या कागदावर काय लिहायचं ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. जिवाची आई तेच तोंडानं बोलत होती.

रविवारी सुट्टी होती. नीता जीपनं सूर्यमाळला गेली. कागद बरोबर नेला. घरी बसून, शांतपणे, मोत्यासारख्या अक्षरात लिहायचा, असं तिनं ठरवलं होतं. रात्रभर तो पर्समध्येच राहिला.

सकाळी अंगणात गाडी जुंपायची तयारी चालली होती. पिंपं रिकामी, चढवून बांधलेली. ढवळू आता सत्तरीचा, पण पाणी आणायचं काम त्यानं कुणाला दिलं नव्हतं. पांढऱ्याला त्यानं जुवाखाली घेतलं. मग काळ्याच्या, काजळ्याच्या मानेवर उलटा हात ठेवला. हात तिथंच राहिला. मग पुढं गेला, मागं आला, पुन्हा तिथंच थांबला.

"नाय," ढवळू म्हणाला. त्यानं जू खाली ठेवलं.

"काय झालं, बा?"

"खांदा आला ह्याचा."

नीता जवळ गेली. काळी मान, काळी कातडी, केस गुळगुळीत. "काही दिसत नाहीये की."

"दिसल कसं? काळा हाय तो. पांढऱ्याचा डोळ्यांना दिसतो, काळ्याचा हाताला दिसतो. ठेव हात. तसा नाय, उलटा. तळवा घट्टा पडून मेलेला असतो, त्याला कळत नाय."

तिनं उलटा हात ठेवला. मानेवर सगळीकडे सकाळचा गारवा होता. एका जागी नव्हता. ती जागा ऊन होती, आणि घट्ट. तिच्या तोंडून तो शब्द निघाला, नाशिकला जाण्याआधीचा.

"ऊन लागतंय."

"हां. आज जुंपला तर परवा सोलल. मंग किडं पडतील." ढवळू काजळ्याला परत गोठ्याकडे नेऊ लागला.

"तेल लावू का चोळून?"

ढवळू थांबला आणि त्यानं लेकीकडे असं बघितलं जसं शहरातल्या पाहुण्याकडे बघावं. "आलेला खांदा चोळतात का? आतलं मांस आधीच चेपलंय, त्याला आनखी चेपायचं? त्याला काय नाय करायचं. फकस्त जू काढायचं. लहानपनी रोज बगत हुतीस ना कुडापासून? मला वाटलं तू शिकलीस."

"मला वाटायचं तू लाड करतोस."

"बैलाचे?" ढवळू हसला. दात राहिले नव्हते. "लाड करायला येळ कुनाला हुता, बाय."

त्या दिवशी पाड्यावर पाणी आलं नाही. बाया हंडे घेऊन विहिरीला उतरल्या, ढवळूला शिव्या देत. नीताही एक हंडा घेऊन उतरली. चढताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, की हा बैल आज गोठ्यात उभा आहे आणि जिवा खाटेवर तापात आहे. बैलाची मान बघणाऱ्यानं लाल शोधलं नव्हतं. गौराबाईनंही शोधलं नव्हतं. शोधलं होतं फक्त तिनं. आणि हात असा ठेवायचा असतो हे तिनं सगळ्यांच्या आधी, सहा वर्षांची असताना, पाहिलं होतं.

कोरा कागद तिनं चुलीत घातला नाही. असल्या गोष्टी मोठेपणा करून करण्यात अर्थ नव्हता. तो तिनं तसाच परत आणला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. "मला लिहिता येणार नाही, सर."

"नोकरीचं बघा," ते म्हणाले.

"बघितलं."

चैत्रातल्या मंगळवारी तेवीस नर्सा आल्या, काही आशा ताया आल्या. ट्रस्टचे दोघे पहिल्या रांगेत, शेजारी चंदना मॅडम. डॉक्टर दाराशी उभे. नीतानं चादर लावली नाही. आदल्या दिवशी ती जिवाच्या खाटेपाशी गेली होती. ताप उतरत नव्हता, गाल बसले होते, तरी त्यानं ओळखलं.

"जिवा, उद्या बाया येणार आहेत शिकायला. तुझी पाठ त्यांना दाखवू का? नको म्हणालास तर नाही दाखवणार."

"माझी पाठ मला तर कवा दिसली नाय," तो म्हणाला. "दिसू दे कुनाला तरी." मग थोडं थांबून, "आन् सांग त्यांना, उंदीर नव्हता."

तर मंगळवारी तिनं आधी जिवाचा कागद वाचला. सहा दिवस, सहा ओळी, सहा सह्या. वाचताना तिचा आवाज रेडिओसारखा सरळ होता. मग म्हणाली, "ह्या सहाही ओळी खोट्या नाहीत. मी बघितलं, लाल नव्हतं. आपल्या माणसांच्या कातडीवर लाल दिसत नाही. हे आमच्या गौराबाईनं इथंच विचारलं होतं. मी तिची चेष्टा केली. सहाव्या दिवशी तिनं हात लावून मला सांगितलं. मी तिला चादर बदलायला पाठवलं. सहाव्या दिवशी ह्या माणसाला पाठीवरून उठवला असता तर कदाचित हा खड्डा पडला नसता." ट्रस्टच्या एका माणसानं डॉक्टरांकडे वळून बघितलं. डॉक्टर तिथं नव्हते.

चंदना मॅडम उठल्या. "मी त्या दिवशी उत्तर देणार होते," त्या म्हणाल्या, आणि बसल्या.

मग गौराबाईनं शिकवलं. तिला बोलता येईना, घाम फुटला. म्हणाली, "मी काय सांगू, हात ठेवा नि बघा." एकेक नर्स वॉर्डात आली. डोळे मिटून उलटा हात ठेवायचा. आधी बाजूच्या चांगल्या कातडीवर, मग हाडाच्या जागी, मग पुन्हा चांगल्या जागी. ऊन आहे का, घट्ट आहे का, का पिचल्या फळासारखी मऊ आहे. चोळायचं नाही. भार काढायचा. जिवाचा खड्डा त्यांनी फक्त बघितला. एक पोरगी बाहेर जाऊन ओकली.

चार दिवसांनी जिवाला पुन्हा नाशिकला हलवलं. विष अंगात भिनलं होतं. तिथं तो तिसऱ्या दिवशी गेला. शिमग्याला त्यानं खाटेवरून ढोल ऐकला होता. रोप टाकायच्या दिवसांत तो नव्हता.

सोनी जिवाचे कागद न्यायला आली, सासू बरोबर होती. नीतानं दोघींना बाकावर बसवलं आणि स्वतः त्यांच्यासमोर खाली बसली.

"आजी, ऐक. सुनेनं मारला नाही. हलवल्यानं झालं नाही, न हलवल्यानं झालं. आणि न हलवायला मी सांगितलं. पाठ चांगली आहे म्हणून मी लिहिलं. नाशिकहून तो चांगला आला होता. चूक माझी."

म्हातारीला सगळं कळलं का नाही, कोण जाणे. तिनं सुनेकडे बघितलं नाही, नीताकडेही नाही. पण सोनीला कळलं. इतके दिवस खाली घातलेली मान तिनं वर केली. त्या भागात देवालाही तू म्हणतात. सोनी म्हणाली, "मंग रोज दिवा लावून तू काय बघत हुतीस?"

सोनी थोडा वेळ थांबली, उत्तराची वाट बघणाऱ्या माणसासारखी. मग कागद पदरात बांधून सासूच्या मागं निघाली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि पुढंही कधी म्हणाली नाही.

मेमो आला. मुख्य सिस्टरचं पद रविनाकडे गेलं. प्रमाणपत्र नीतानं स्वतः काढलं; भिंतीवर त्याचा पांढरा चौकोन राहिला आहे. ती त्याच वॉर्डात आहे, साध्या ड्यूटीवर. अजून उपकेंद्रांच्या नर्सा कधीमधी येतात. तेव्हा ती आणि गौराबाई मिळून हात ठेवायला शिकवतात. सगळ्याच शिकतात असं नाही. काही जणी अजून दिवा लावून लालच शोधतात.

परवा रामी नावाची म्हातारी आली. खुब्याचं हाड मोडलेलं, अंगावर मूठभर मांस नाही, रंग चुलीच्या भिंतीसारखा. नीतानं तिला कुशीवर केलं आणि उलटा हात तिच्या कमरेवर ठेवला, मग कुल्ल्यावर, मग घोट्यावर. हात एका जागी थांबून राही, पुढं जाई, पुन्हा मागं येई. म्हातारीनं डोळे मिटून घेतले. तिला असा हात कुणी बऱ्याच वर्षांत लावला नसावा.

"लाड करतेस का गं, बाय?" तिनं विचारलं.

"हां," नीता म्हणाली.

तिचा हात टाचेपाशी आला होता. तिनं तो उचलला, दुसऱ्या टाचेवर ठेवला, परत पहिलीवर आणला. काळी, भेगाळलेली टाच. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. टाच ऊन लागत होती.